सतरा नंबरचा क्लावान

१ जानेवारी २०१८. लिव्हरपूलच्या कुठल्याही फॅनला ही तारीख विचारा, तो सांगणार व्हॅन डाइक आला तो दिवस. बरोबरच आहे म्हणा, साडेसात कोटी पाउंड मोजले होते, डिफेन्डरसाठी तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी रक्कम, आणि खेळाडू विकत घ्यायची ट्रान्सफर विंडो उघडली त्या दिवशी तो ऑफिशियली लिव्हरपूलचा झाला. पण त्याच दिवशी संघाची बर्नलीला मॅच होती, टर्फ मूरवर, सालाह नाही, कुटिन्यो नाही, मानेने एक टाकला, मग ८७ व्या मिनिटाला बर्नलीने बरोबरी केली आणि आता गेले दोन पॉइंट असं सगळ्यांनी धरलं असताना ९४ व्या मिनिटाला फ्री किक आत आली, लव्हरेनने डोक्याने गोलसमोर ढकलली आणि मागच्या पोस्टजवळ उभ्या असलेल्या एका माणसाने अगदी जवळून डोकं लावून ती आत घातली. सतरा नंबर. रॅग्नार क्लावान. प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा पहिला एस्टोनियन.

म्हणजे ज्या दिवशी क्लबने जगातला सगळ्यात महागडा सेंटर बॅक (मधला डिफेन्डर) घेतला त्या दिवशी मॅच जिंकून दिली ती ४२ लाख पाउंडांच्या सेंटर बॅकने. हिशोब केला तर एका व्हॅन डाइकच्या पैशात साधारण अठरा क्लावान आले असते. (आले असते तरी व्हॅन डाइकच घ्यायला हवा होता, त्याबद्दल वाद नाही, उगाच कॉमेंटमध्ये भांडू नका.)

मला या माणसाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, कारण मोठ्या क्लबांच्या गोष्टी सांगताना असे लोक पहिल्यांदा गळतात. मॅनेजर क्लॉपच्या लिव्हरपूलची गोष्ट कुणीही सांगतो तेव्हा माने, सालाह, व्हॅन डाइक, अॅलिसन, मग मॅड्रिदला जिंकलेली २०१९ ची चॅम्पियन्स लीग फायनल, मग लीग. आणि क्लावान? "अरे हो, तो होता ना बॅकअप". बॅकअप हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो आणि तो मला खटकतो. तेरा लाख लोकसंख्येच्या देशातून निघून लिव्हरपूलच्या बेंचपर्यंत पोचायला काय काय लागतं ते एकदा नीट बघितलं की मग तो बेंच लहान वाटत नाही.

तर सुरुवातीपासून. क्लावानचा जन्म ऑक्टोबर १९८५ चा, विलयांडीचा. दक्षिण एस्टोनियातलं तळ्याकाठचं गाव, जुन्या किल्ल्याचे अवशेष, लोकसंगीताचा मोठा फेस्टिवल, वस्ती वीस हजारांच्याही आत. वडील जिंतार क्लावान स्वतः एस्टोनियाकडून खेळलेले. हा जन्मला तेव्हा मात्र एस्टोनिया नावाचा संघच नव्हता, सगळं सोव्हिएत युनियनमध्ये. १९९१ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य परत मिळालं आणि जून १९९२ मध्ये टॅलिनला स्लोव्हेनियाविरुद्ध १-१, ही नव्या काळातली पहिली अधिकृत मॅच. त्याच महिन्यात रूबल जाऊन क्रून हे स्वतःचं चलन आलं. म्हणजे देश, पैसा आणि फुटबॉल संघ सगळं एकदमच पुन्हा उभं राहत होतं. जुना इतिहास म्हणाल तर १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एकच मॅच, अमेरिकेकडून ०-१, त्यातही एस्टोनियाला पेनल्टी मिळाली होती आणि ती बारवर आदळली. तेव्हापासून आजपर्यंत वर्ल्ड कप नाही, युरो नाही, काही नाही.

आणि तिथे फुटबॉल हा काही पहिल्या नंबरचा खेळही नव्हता. सोव्हिएत काळात तो रशियन बोलणाऱ्यांचा खेळ समजला जायचा, एस्टोनियन पोरं बास्केटबॉल, अॅथलेटिक्स, स्कीइंगकडे जायची. त्यांचे मोठे हीरो बघा ना, डेकॅथलॉनमध्ये सिडनीला गोल्ड घेणारा एर्की नूल, क्रॉस कंट्री स्कीइंगवाला आंद्रुस वेरपालू. आइवर पोहलाकने १९९० मध्ये फ्लोरा क्लब काढला तो एस्टोनियन पोरांना या खेळात परत आणायचं हे डोक्यात ठेवूनच. लीग म्हणजे मेइस्त्रीलीगा, मार्चमध्ये सुरू होते आणि नोव्हेंबरमध्ये संपते कारण मधले महिने बर्फ. दहा संघ, प्रत्येकाशी चार वेळा खेळायचं. चार वेळा! सीझनच्या शेवटी समोरच्या स्ट्रायकरच्या बुटाची लेससुद्धा ओळखीची होत असणार.

अशा लीगकडे बाहेरचे स्काउट फार येत नाहीत. मग बाहेर जायचं कसं? याचं उत्तर क्लावानच्या आधी एका माणसाने दिलं होतं आणि त्याच्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

मार्ट पोम. गोलकीपर, १९७२ चा, टॅलिनचा. १९९४ मध्ये इंग्लंडला, पोर्टस्मथला गेला, तिथे फार काही जमलं नाही, परत फ्लोरा. मग आली ती स्कॉटलंडची भानगड. ऑक्टोबर १९९६, टॅलिनच्या काड्रिओर्ग स्टेडियमवर वर्ल्ड कप क्वालिफायर, स्कॉटलंडने आदल्या दिवशी फ्लडलाइट्सबद्दल तक्रार केली, फिफाने मॅच संध्याकाळची दुपारी तीनला आणली, एस्टोनियावाले म्हणाले आम्हाला नाही जमणार, आणि खरंच आले नाहीत. स्कॉटलंडने एकट्यानेच किक ऑफ केला, रेफरीने तीन सेकंदांत शिट्टी वाजवली, संपलं, आणि स्टँडमध्ये स्कॉटिश फॅन्स गात होते की टॅलिनमध्ये एकच टीम आहे. लोकांना हा किस्सा इथपर्यंतच माहीत असतो. पण त्याचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, मॅच फेब्रुवारी १९९७ मध्ये मोनाकोला परत खेळवली, निकाल ०-०, गोलमध्ये पोम, आणि पुढच्याच महिन्यात डर्बी काउंटीने पाच लाख पाउंडांना त्याला उचललं. मॅनेजर जिम स्मिथ, ज्याने पोर्टस्मथलाही त्याला आणलं होतं. डर्बीसाठी पहिलीच मॅच कुठे? ओल्ड ट्रॅफर्ड. ५ एप्रिल १९९७, डर्बी ३, मँचेस्टर युनायटेड २. वांचोपेचा तो अर्ध्या मैदानातून पळत जाऊन केलेला गोल याच मॅचमधला, त्याचाही पहिलाच दिवस.

पोम डर्बीत सहा वर्षं राहिला, लोकांचा लाडका झाला, मग २००३ मध्ये संडरलंड. आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला संडरलंड डर्बीच्या घरी, प्राइड पार्कवर, एका गोलने मागे, शेवटचं मिनिट, पोम आपला गोल सोडून वर गेला आणि हेडर. १-१. गोलकीपरने, आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध, आणि त्याने जल्लोषही धड केला नाही. तो व्हिडिओ नसेल बघितला तर बघाच, हेडरही काय साधासुधा नाही, भल्या भल्या स्ट्रायकरला जमणार नाही असा जोरात मारलाय.

आता गंमत. क्लावान लिव्हरपूलला आल्यावर त्याचा क्लबसाठी पहिला गोल लीग कपमध्ये झाला, २०१६ साली. कुणाविरुद्ध? डर्बी काउंटी. कुठे? प्राइड पार्क. तारीख? २० सप्टेंबर. बरोब्बर तेरा वर्षांनी, तेच मैदान, तीच तारीख, परत एक एस्टोनियन. असल्या योगायोगाला काही अर्थ नसतो हे मला कळतं पण मला असल्या गोष्टी भयंकर आवडतात त्यामुळे तुम्हाला ऐकाव्या लागणार.

तर क्लावान. एल्वा, मग गावचा तुलेविक, मग फ्लोरा. २००३ मध्ये सतरा वर्षांचा असताना नॅशनल टीममध्ये पदार्पण. आणि २००५ मध्ये हॉलंड, हेराक्लेस अल्मेलो. आयाक्स नाही, फेयेनूर्ड नाही, तर जवळपास वीस वर्षांनी वरच्या लीगमध्ये नुकताच परत आलेला, आर्टिफिशियल टर्फवर खेळणारा छोटा क्लब. मला वाटतं त्याच्या करिअरमधला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला जिथे दर आठवड्याला खेळायला मिळेल तिथे तो गेला आणि तिथे साडेतीन वर्षं राहिला, कधी लेफ्ट बॅक कधी सेंटर बॅक, संघ प्रत्येक सीझनला खाली पडायच्या भीतीत, म्हणजे डिफेन्डरला शिकायला याहून चांगली शाळा नाही कारण बॉल सतत तुमच्याकडेच येत असतो.

जानेवारी २००९ मध्ये एझेड अल्कमार. कोच लुई व्हान गालचा एझेड, त्या सीझनला त्यांनी आयाक्स, पीएसव्ही सगळ्यांना मागे टाकून डच लीग जिंकली. क्लावान अर्ध्यात आलेला, वाटा छोटाच, पण एका पायरीवरून वरच्या पायरीवर गेला की नाही? आणि मग लगेच नशीब बघा, ऑक्टोबर २००९ मध्ये क्लबचा मालक डर्क स्खेरिंगा याची डीएसबी बँक बुडाली, शर्टवर जिचं नाव होतं तीच बँक, चॅम्पियन क्लब एकदम पैशांच्या अडचणीत, चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये शेवटचा नंबर. त्या ग्रुपची शेवटची मॅच स्टँडर्ड लिएजशी, ९५ व्या मिनिटाला लिएजच्या गोलकीपरने, बोलातने, हेडर मारून १-१ केलं आणि एझेडचं युरोपा लीगचं (चॅम्पियन्स लीगच्या खालची स्पर्धा) तिकीटही गेलं. गोलकीपरचे हेडर एस्टोनियन फुटबॉलचा पिच्छा सोडत नाहीत असं दिसतंय.

याच दरम्यान नॅशनल टीमचा सगळ्यात भारी काळ आला. युरो २०१२ चे क्वालिफायर, कोच टार्मो र्यूत्ली. पहिल्याच मॅचला फेरो बेटांविरुद्ध घरी ०-१ ने मागे, इंज्युरी टाइममध्ये दोन गोल, २-१. मग बेलग्रेडला जाऊन सर्बियाला ३-१. सर्बियाला, त्यांच्याच घरी! मग मध्येच फेरोकडून ०-२ हरले (हे फक्त एस्टोनियाच करू शकतं), मग स्लोव्हेनियात जिंकले, नॉर्दर्न आयर्लंडला दोन्हीकडे हरवलं आणि इटलीच्या मागे दुसरे आले. सर्बिया घरी, एस्टोनिया प्लेऑफमध्ये. समोर कोच त्रापाट्टोनीचा आयर्लंड. ११ नोव्हेंबर २०११, टॅलिन, दहा हजारांचं स्टेडियम खचाखच, सगळा देश टीव्हीसमोर, आणि ३४ व्या मिनिटाला स्टेपानोव्हला रेड, नंतर कॅप्टन पिरोयालाही रेड, ०-४. संपलंच सगळं. चार दिवसांनी डब्लिनला १-१, वासिलियेव्हचा गोल. आकड्यांत बघितलं तर फज्जा, पण युरोच्या इतक्या जवळ ते ना आधी कधी गेले होते ना नंतर गेले.

हा कॉन्स्टांटिन वासिलियेव्ह म्हणजे एस्टोनियन करिअरचा दुसरा नमुना. मिडफिल्डर, फ्री किकचा बादशाह, लेवाडियाकडून निघून स्लोव्हेनियात नाफ्ता आणि कोपर, मग रशियात आमकार पेर्म, मग पोलंडमध्ये पियास्त आणि यागियेलोनिया, शेवटी परत टॅलिनला फ्लोरा. बहुतेक एस्टोनियन प्रोफेशनल्सचा नकाशा असाच असतो, पोलंड, फिनलंड, नॉर्वे, रशिया (आता रशिया नाही), म्हणजे चांगला पगार, बरी लीग, पण जगाला नाव माहीत नाही. घरी मात्र त्याच्या नावावर दीडशेपेक्षा जास्त कॅप्स (देशाकडून खेळलेल्या मॅच), मार्टिन राइमचा १५७ चा रेकॉर्ड मोडणारा हाच. हे छोट्या देशांचं वेगळंच असतं, चांगला खेळाडू एकदा मिळाला की त्याला पंधरा वीस वर्षं सोडतच नाहीत, पर्यायच नसतो.

क्लावान २०१२ मध्ये जर्मनीला गेला, ऑग्सबर्ग. परत तोच पॅटर्न, मोठं नाव नाही, वर टिकायची धडपड करणारा क्लब. पहिल्या सीझनला ख्रिसमसपर्यंत १७ मॅचमध्ये ९ पॉइंट. नऊ! सगळ्यांनी त्यांना सेकंड डिव्हिजनमध्ये पाठवून दिलं होतं. दुसऱ्या अर्ध्यात २४ पॉइंट काढले आणि वाचले. तीन वर्षांत तोच संघ, कोच वाइनत्सियर्ल, बुंडेसलीगात पाचवा आला, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपियन स्पर्धा. मधे एकदा बायर्नची लीगमध्ये सलग ५३ मॅच न हरण्याची मालिकाही यांनीच तोडली, एप्रिल २०१४. क्लावान या सगळ्या काळात तिथल्या डिफेन्सचा कणा होता, डावखुरा सेंटर बॅक, फार उंचपुरा राक्षस नाही, वेगवान तर नाहीच, पण जागा बरोबर, आणि बॉल घेऊन शांतपणे पास करणारा. डावखुरा सेंटर बॅक ही बाजारात कायम कमी असणारी वस्तू आहे हेही लक्षात ठेवा.

युरोपा लीगमध्ये ग्रुपमध्ये कोण? एझेड अल्कमार, जुना क्लब. त्यातून बाहेर पडल्यावर समोर कोण? लिव्हरपूल. ऑग्सबर्गला ०-०, अॅनफिल्डला मिलनरच्या पाचव्या मिनिटाच्या पेनल्टीवर १-०. एवढंच. क्लॉपला जर्मनीतून हे सगळे आधीच माहीत होते म्हणा, पण पाच महिन्यांनी जुलै २०१६ मध्ये लिव्हरपूलने क्लावानला घेतलं आणि फॅन्स काय म्हणाले ते मला चांगलं आठवतंय. कोण हा? तिशीला आलेला? ऑग्सबर्गचा? ४२ लाख म्हणजे क्लबला पैसेच खर्च करायचे नाहीत.

आणि पहिली मॅच, एमिरेट्सवर आर्सेनल, हाच स्टार्ट करतोय. ४-३ जिंकले, तीन खाल्ले म्हणून डिफेन्सला शिव्या पडल्याच. पण माझ्या डोक्यात क्लावान म्हणजे ३१ डिसेंबर २०१६. मॅन सिटी, अॅनफिल्ड. मातिप दुखापतीमुळे बाहेर, लव्हरेन आणि क्लावान मध्ये, समोर अग्वेरो, गार्डिओलाचा संघ. वाइनाल्डमने आठव्या मिनिटाला हेडर मारला आणि मग ऐंशी पंचाऐंशी मिनिटं ते १-० सांभाळायचं होतं. सांभाळलं. अग्वेरो मैदानात आहे की नाही असं वाटावं इतका गप्प. पंधरा दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवरही हीच जोडी, १-१. अर्थात सगळंच गोड नाही, नोव्हेंबर २०१७ मध्ये सेव्हियाला हाफ टाइमला ३-० पुढे असताना ३-३ झालं त्यातही हीच जोडी होती आणि दुसऱ्या हाफमध्ये सगळेच थरथरत होते. पण दोन सीझनमध्ये जेव्हा जेव्हा कुणी पडलं, लंगडलं, तेव्हा हा माणूस आठवडेच्या आठवडे बेंचवर बसून उठला आणि बऱ्यापैकी खेळला. अंगात गंज न चढू देता असं बसता येणं हे वेगळंच स्किल आहे, कित्येक मोठे खेळाडू त्यात बरबाद झालेत.

मे २०१८, कीव्ह, चॅम्पियन्स लीग फायनल. क्लावान बेंचवर. करियुसचे ते दोन घोळ, बेलची ती ओव्हरहेड किक, ३-१ रिआल. एस्टोनियाचा कॅप्टन चॅम्पियन्स लीग फायनलच्या मॅचडे स्क्वॉडमध्ये, या गोष्टीचं टॅलिनमध्ये किती मोल असेल विचार करा, आणि आपल्याकडे फक्त करियुसचे मीम आले.

मग ऑगस्टमध्ये तो इटलीला, काल्यारीला गेला. इथे लोक हळहळतात की एक वर्ष थांबला असता तर मॅड्रिदचं मेडल, दोन वर्षं थांबला असता तर लीग. मला हे पटत नाही. बत्तीस वर्षांचा, लवकरच तेहेतीस, पुढे व्हॅन डाइक, लव्हरेन, मातिप, गोमेझ, म्हणजे हा पाचवा. ट्रॅकसूटमध्ये मेडल घ्यायचं की खेळायचं? त्याने खेळायचं निवडलं आणि सार्डिनियात तीन सीझन सेरी ए मध्ये काढले, इंज्युरीजमधून, चार कोच बघत, शेवटी शेवटी तर डिएगो गोडिनसारखा माणूस त्याच ड्रेसिंग रूममध्ये. हॉलंड, जर्मनी, इंग्लंड, इटली. चार मोठ्या लीग, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी "हा कोण" आणि शेवटच्या दिवशी "बरा होता यार".

२०२१ मध्ये परत घरी, आधी पाइदे, आठेक हजार वस्तीचं देशाच्या मधोमध वसलेलं गाव, मग टॅलिनचा कालेव. सव्वाशेच्या वर कॅप्स, किती वेळा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू झाला मोजायचं सोडून द्यावं इतके वेळा. सालाहबरोबर ट्रेनिंग केलेला माणूस आता परत त्याच लीगमध्ये जिथे एकाच संघाशी वर्षातून चार वेळा खेळायचं. मधल्या काळात तिथेही थोडं बदललं होतं, २०१८ ची युरोपियन सुपर कप टॅलिनला झाली, रिआल आणि अॅटलेटिको, आणि २०२१ मध्ये फ्लोरा युरोपियन स्पर्धेच्या ग्रुप स्टेजला पोचणारा पहिला एस्टोनियन क्लब ठरला.

आता पुढे कोण? गोलकीपर कार्ल हाइन, आर्सेनलच्या अॅकॅडमीतून आलेला, लोनवर वायादोलिदला जाऊन ला लीगात खेळून आला, त्याची तुलना लगेच पोमशी होते आणि तो बिचारा काय करणार, देशात गोलकीपर म्हटलं की पोमच. पण मला जास्त इंटरेस्ट कारोल मेट्समध्ये आहे. सेंटर बॅक, एवढी वर्षं नॉर्वे, हॉलंड, स्वीडन असं फिरत फिरत जर्मनीतल्या सेंट पॉलीला पोचला आणि २०२४ मध्ये त्यांच्याबरोबर वर चढून बुंडेसलीगात आला, तेही तिशी ओलांडल्यावर. लिव्हरपूल वगैरे त्याला बोलावणार नाही, वय गेलं. पण त्याची मॅच लागली की एकदा नुसतं त्याच्याकडे बघत बसा, बॉलकडे नाही, तो कुठे उभा राहतो ते बघा.